उणे अंतराचा तारा

प्रश्न : बाई, मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. माझी नात एमएस्सीला आहे. प्रकल्पासाठी तिने 'आरआर लायरी' नावाचा तारा घेतलाय. ती म्हणते, हा तारा दर साडेतेरा तासांनी फुगतो आणि आकसतो, शिवाय सेकंदाला पावणेतीनशे किलोमीटरने पळतो. पण परवा तिने एका यादीतून आकडा काढला तर ताऱ्याचं अंतर उणे आलं. दोन दिवस ती जेवणावर चिडचिड करतेय. अंतर उणे कसं असेल? आणि एवढा पळणारा तारा रोज रात्री जागच्या जागी कसा दिसतो? आकाशगंगेभोवती त्याची कक्षा कोणी आणि कशी काढली? एक चक्कर व्हायलाच कोट्यवधी वर्षं लागत असतील ना? (बार्शीहून एक वाचक)

उत्तर : तुमच्या नातीला आधी सांगा, चूक तिची नाही.

तिने उघडलेली यादी बहुधा गाया यानाची दुसरी यादी असावी, एप्रिल २०१८ ची. युरोपचं हे यान डिसेंबर २०१३ मध्ये सुटलं आणि त्याने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या यादीत आरआर लायरीचा पॅरलॅक्स उणे २.६१ मिलिविकला असा छापलाय. (अंशाचा छत्तीसशेवा भाग म्हणजे विकला, तिचा हजारावा भाग मिलिविकला.) पॅरलॅक्स म्हणजे काय, ते हाताने करून बघा. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांवर तसाच सरकतो. जवळचा जास्त, लांबचा कमी. उणे पॅरलॅक्सचा अर्थ तारा उलट्या दिशेने सरकला, म्हणजे मोजमाप बिघडलं. फार अंधुक, फार दूरच्या ताऱ्यांच्या बाबतीत मोजणीतल्या डळमळीमुळे असे उणे आकडे येतात आणि ते यादीत तसेच ठेवतात, तेच योग्यही आहे. पण आरआर लायरी तर फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांच्या, त्याच्याच नावाच्या जातीतला सगळ्यात तेजस्वी दिसणारा तारा. तिथे उणे आकडा दिसला की थांबायचं.

कारणही लगेच सापडलं होतं. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद. त्या यादीत ताऱ्याची सरासरी प्रत १७.०४ अशी पडली होती. खरी प्रत आहे ७ ते ८ च्या दरम्यान. म्हणजे बायनॉक्युलरमधून दिसणारा तारा हजारो पटींनी मंद धरला गेला आणि त्यापायी पॅरलॅक्सही बिघडला. ही नोंद वापरू नये, असं शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास लिहून ठेवलं. पुढच्या यादीत, डिसेंबर २०२० मध्ये, आकडा सुधारून आला : ३.९८५ मिलिविकला. नातीला हाच घ्यायला सांगा. १००० ला ३.९८५ ने भागलं की २५१ पार्सेक, म्हणजे सुमारे ८२० प्रकाशवर्षं. आज दिसणारा उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं.

हे अंतर एवढं महत्त्वाचं का, हे तिला कोणी सांगितलंय की नाही, ठाऊक नाही. या जातीचे सगळे तारे जवळपास सारख्याच तेजाचे असतात, सूर्याच्या चाळीस-पन्नास पट. त्यामुळे असा तारा कुठेही सापडला की किती मंद दिसतो त्यावरून अंतर काढता येतं. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ च्या सुमारास गोलाकार तारकागुच्छांची अंतरं अशा स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांच्या मदतीने मांडली आणि सूर्य आकाशगंगेच्या मधोमध नाही, एका कडेला आहे, हे दाखवलं. सगळ्या मापांची पट्टी ज्या ताऱ्याच्या नावाने ओळखली जाते, त्याचंच अंतर यादीत उणे यावं, हे २०१८ मध्ये मलाही फार लागलं होतं.

आता वेग. हा हिशेब मी माझ्या वहीत केलाय, तुम्हीही नातीबरोबर बसून करा, फक्त गुणाकार आहे. तारा आकाशात वर्षाला ०.२२४ विकला सरकतो. याला निजगती म्हणतात. ४.७४ (विकला आणि पार्सेकवरून सेकंदाला किलोमीटर काढायचा ठरलेला आकडा) गुणिले ०.२२४ गुणिले २५१, उत्तर सुमारे २६६. म्हणजे आपल्या दृष्टिरेषेला आडवा तो सेकंदाला २६६ किलोमीटर जातो. शिवाय आपल्याकडे ७२ किलोमीटरने येतो, तो वेग वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून, कळतो. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : २७६. तुमच्या नातीचे पावणेतीनशे बरोबर आहेत.

तरी तो जागेवर का दिसतो? अंतरामुळे. ०.२२४ विकला म्हणजे चंद्राच्या बिंबाएवढं सरकायला आठ हजार वर्षं. विल्यमिना फ्लेमिंग या हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्रांवर तारे तपासायच्या. त्यांना हा तारा बदलताना सापडला आणि १९०१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हापासून आजवर तो सुमारे २८ विकला सरकलाय. हंस या तारकासमूहाच्या चोचीत अल्बिरिओ नावाची सोनेरी-निळी जोडी आहे, लहान दुर्बिणीतून सुरेख सुटी दिसते. त्या दोन ताऱ्यांमध्ये जेवढी फट आहे, तिच्याहूनही हे सरकणं थोडं कमीच. सव्वाशे वर्षांत तेवढं. पण ताऱ्यांच्या मापाने ही धाव मोठी आहे, बहुतेक तारे याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

आणि इथे मला तुमच्या नोकरीचा उपयोग होणार आहे. तुम्ही ताशी साठने गाडी चालवताय आणि शेजारच्या वाटेने बैलगाडी तुमच्याच दिशेने चाललीय. खिडकीतल्या प्रवाशाला ती मागे पळताना दिसते. तिचा 'वेग' त्याला पन्नास-पंचावन्न वाटेल, पण त्यातला बहुतेक तुमचा आहे. सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेभोवती सेकंदाला दोनशे तीस-चाळीस किलोमीटरने फिरतोय. बर्टिल लिंडब्लाड आणि यान ओर्ट यांनी १९२० च्या दशकात हेच ओळखलं. 'अतिवेगवान' म्हणून नोंदलेले तारे जवळपास सगळे एकाच बाजूला पळताना दिसत होते. ते पळत नव्हते, सगळ्यांबरोबरच्या फेऱ्यात मागे पडत होते.

आरआर लायरीच्या बाबतीत मी आपला वेग वजा करून पाहिला. मला आला तो आकडा असा : आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने आत सुमारे २५० किलोमीटर, फेऱ्याच्या दिशेने जेमतेम शंभरेक, आणि आकाशगंगेच्या चपट्या तबकडीच्या वर-खाली दहाच्याही आत. बेरीज केली तर २७०. सूर्याहून फार जास्त नाही! फरक आहे तो दिशेत. देवळात सगळे भाविक एका लयीत प्रदक्षिणा घालतायत आणि त्यातला एक महाद्वाराकडून सरळ गाभाऱ्याकडे निघालाय, असं ते आहे. आपण प्रदक्षिणेत आहोत, तो आपल्यासमोरून आडवा चाललाय. म्हणून तो एवढा वेगाने जाताना दिसतो.

याच आकड्यांवरून कक्षा निघते. पूर्ण चक्कर बघत बसावं लागत नाही. क्रिकेटचा चेंडू बॅटवरून सुटला की अर्ध्या क्षणात सीमेवरचा खेळाडू कुठे धावायचं ते ठरवतो, कारण चेंडूची जागा, वेग आणि दिशा त्याला दिसलेली असते. ताऱ्याची आकाशातली जागा दोन आकड्यांनी, अंतर एकाने, आकाशातलं सरकणं दोहोंनी आणि दृष्टिरेषेतला वेग एकाने, असे सहा आकडे लागतात. मग आकाशगंगेचं वस्तुमान कुठे किती आहे याचा एक नकाशा धरायचा आणि संगणकाला सांगायचं, एक पाऊल पुढे टाक, ओढ किती ती बघ, पुन्हा पाऊल टाक. जर्मनीतल्या बॉनच्या गिझेला माइन्ट्स आणि क्लास डे बूर यांनी २००५ मध्ये या जातीच्या २१७ ताऱ्यांवर असं काम केलं. आरआर लायरी केंद्रापासून सुमारे ६,८०० प्रकाशवर्षांपर्यंत आत शिरतो आणि बाहेर सुमारे ६०,००० प्रकाशवर्षांपर्यंत जातो, असं त्यातून निघालं. आपण असतो केंद्रापासून सव्वीस-सत्तावीस हजारांवर, जवळजवळ गोल फेऱ्यात. सध्याच्या वेगाने तो दोन-अडीच कोटी वर्षांत गाभाऱ्याजवळ पोचेल.

मला यातली सगळ्यात जपून ठेवावी अशी गोष्ट वाटते ती उंचीची. एवढी लांबट कक्षा, पण तबकडीच्या पातळीपासून तो ६८० प्रकाशवर्षांपेक्षा वर किंवा खाली जात नाही. हा तारा दहा अब्ज वर्षांहून जुना, त्याच्यात लोखंड सूर्याच्या मानाने चार टक्क्यांच्या आसपास. असे जुने, धातूंनी गरीब तारे सहसा तबकडीच्या खूप वर, खूप खाली फिरत असतात. हा मात्र तबकडीतच राहून आत-बाहेर करतोय. तुमच्या पत्रात नातीचं म्हणणं नाही, पण प्रकल्प करणारी मुलं अलीकडे मला हटकून विचारतात : हा दुसऱ्या दीर्घिकेतून आलेला का? आपल्या आकाशगंगेने अब्जावधी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका गिळली आणि तिचे तारे आजही लांबट कक्षांत फिरतायत, हे २०१८ मध्ये गायाच्या नोंदींतून पुढे आलं, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. एकट्या लांबट कक्षेवरून कोणाही ताऱ्याला परका ठरवू नये, असं माझं मत आहे. रासायनिक घडण, वय, कक्षा, सगळं जुळलं तर बोलावं.

आता नातीसाठी एक सूचना, ही तिने खरंच लिहून घ्यावी. दृष्टिरेषेतला ७२ चा आकडा वाटतो तितका सोपा नाही. हा तारा फुगतो-आकसतो, म्हणजे त्याचा पृष्ठभाग आपल्याकडे येतो आणि दूर जातो. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ५.१ पटींपासून ५.६ पटींपर्यंत बदलते. तो फरक साडेतीन लाख किलोमीटरचा, पृथ्वी ते चंद्र अंतराच्या जवळ जाणारा, आणि ही हालचाल साडेतेरा तासांत होऊन परतते. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ निसटते, झाकण पुन्हा बसतं. ताऱ्याच्या आत हेलियमचा एक थर झाकणाचं काम करतो. दाबला की आतून येणारी उष्णता अडवून धरतो, फुगून विरळ झाला की सोडून देतो. यामुळे वर्णपटात पन्नास-साठ किलोमीटरचा वेग एका फेऱ्यात वर-खाली होतो. एखाद्याने कुठल्याही एका वेळी एकच वर्णपट घेतला आणि तोच ताऱ्याचा वेग समजून कक्षा काढली, तर तो ताऱ्याचा श्वास मोजतोय, प्रवास नाही. पूर्ण फेऱ्यातले वेग घेऊन मधला काढावा लागतो. उणे ७२ हा तो मधला, उणे म्हणजे आपल्याकडे येणारा.

त्यात आणखी एक गुंता आहे. या ताऱ्याच्या उजळण्याची उंचीच सुमारे ३९ दिवसांच्या लयीत कमी-जास्त होते. सर्गेई ब्लाझ्को यांनी १९०७ मध्ये असा बदल दुसऱ्या एका ताऱ्यात पाहिला, म्हणून त्याला ब्लाझ्को परिणाम म्हणतात. शंभराहून जास्त वर्षं झाली, त्याचं सर्वमान्य कारण अजून मिळालेलं नाही. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नजरेच्या टापूत हा तारा नेमका येत होता, तेव्हा त्यात एक आड एक फेरा कमी-जास्त उंचीचा येतो हेही दिसलं. प्रकल्प वेगाचा असला तरी तिने एक पान या लयीला द्यावं.

प्रश्न : ताऱ्याच्या नावात दोन 'आर' का असतात? (नववीतली एक वाचक, दापोली)

उत्तर : जर्मन खगोलज्ञ आर्गेलांडर यांनी रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांना नावं द्यायची पद्धत घातली. प्रत्येक तारकासमूहात सापडेल त्या क्रमाने आर, एस, टी असं झेडपर्यंत. ही नऊ अक्षरं संपली की आरआर, मग आरएस. म्हणजे आरआर लायरी हा स्वरमंडळ या तारकासमूहातला असं नाव मिळालेला दहावा रूपविकारी तारा. लायरी म्हणजे लायराचा, स्वरमंडळाचा. हे दहाव्या नंबरचं नाव पुढे हजारो ताऱ्यांच्या जातीला मिळालं.

प्रश्न : हा तारा बदलताना साध्या बायनॉक्युलरमधून दिसेल का? आमच्या गच्चीवरून अभिजित तारा चांगला दिसतो. (वाईजवळच्या एका गावातून)

उत्तर : दिसेल, आणि तुम्ही माझ्या शेजारचेच निघालात.

अभिजित आणि हंसाच्या वरच्या पंखातला तारा, नकाशात ज्याला डेल्टा लिहिलेलं असतं, या दोघांना मनाने रेघ जोडा. अभिजितपासून निघून सत्तर टक्के वाट चाललात की त्या रेघेवरच आरआर लायरी आहे. ७×५० च्या बायनॉक्युलरमध्ये डेल्टा एका कडेला ठेवला तर तो त्याच दृश्यात येतो. सातव्या-आठव्या प्रतीचा आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. आजूबाजूच्या कोणत्या ताऱ्याची प्रत किती, याचे नकाशे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची आव्हसो ही अमेरिकन संस्था फुकट देते. १९११ पासून ती हे काम करतेय. तिच्याकडे जगभरातून नोंदी जातात. जेसोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात काम करणारे राधागोविंद चंद्र यांनी तिला सदतीस हजारांवर नोंदी पाठवल्या. संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली होती, ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. नोकरी सांभाळून रात्री गच्चीवर बसणाऱ्या कोणालाही हे मी आवर्जून सांगते.

करायचं एवढंच. ताऱ्यापेक्षा थोडा उजळ एक आणि थोडा मंद एक, असे दोन शेजारी निवडायचे आणि आपला तारा त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते अंदाजाने लिहायचं. माझ्या वहीतलं एका ऑक्टोबरातलं पान असं आहे : ७ वाजून १० मिनिटांनी ८.०. आठला ७.८. ८.४० ला ७.५. ९.२० ला ७.२. शेवटच्या नोंदीपुढे मी काही लिहिलेलं नाही, फक्त पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात. तो डोळ्यांदेखत उजळला होता. अडीच-तीन तासांत चढतो आणि उरलेले दहा-अकरा तास सावकाश उतरतो. म्हणून चढ पकडणं जास्त आनंदाचं.

चढ कधी मिळेल, तेही हाताने काढता येतं. फेरा १३ तास ३६ मिनिटांचा. दोन फेरे म्हणजे २७ तास १२ मिनिटं. म्हणजे आज रात्री ८ ला सर्वांत उजळ असेल, तर उद्या रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी. परवा त्याहून उशिरा, तेव्हा तो मावळतीला झुकलेला. आणि सतरा दिवसांत तीस फेरे जवळजवळ नेमके बसतात, त्यामुळे सतरा दिवसांनी तो पुन्हा रात्री आठच्या आसपास, काही मिनिटांच्या फरकाने, उजळेल. ब्लाझ्को लयीमुळे थोडं मागे-पुढे होतं, तेवढं धरून चला.

आपल्याकडे अडचण पावसाची. स्वरमंडळ संध्याकाळी डोक्यावर असतं ते महिने ढगांचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेकडे कलता मिळेल. एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला उठलात तर उंचावर आणि कोरड्या हवेत मिळेल, मला तीच वेळ आवडते. ज्यांना एका बैठकीत पूर्ण फेरा बघायचाय त्यांनी एसएक्स फीनिसिस घ्यावा. ऑलिन एगन यांनी १९५२ मध्ये शोधलेला, हाही वेगाने सरकणारा जुना तारा, आणि त्याचा फेरा फक्त ७९ मिनिटांचा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी दक्षिणेला तीस अंशांवर येतो. दक्षिणेकडे डोंगर नसेल अशी जागा मात्र शोधावी लागेल, आपल्या वाईत ती सहज मिळत नाही.

पहिल्या रात्रीची नोंद मला पाठवा. प्रत एक दशांशाने चुकली तरी चालेल, वेळ मात्र घड्याळ लावून, मिनिटासकट लिहा. ढग आले तर त्या वेळेसमोर 'ढग' असं लिहा.